चोर्ला घाटात विज्ञानकादंबरी ऐकताना नावं निसटतात. आणि कन्नडमधून ऐकायला सुरुवात करावी का?

घाटवाट

नमस्कार मंडळी.

मी भाजीची पिकअप चालवतो. बेळगाव ते म्हापसा, आठवड्यातल्या पाच रात्री. मार्केटात क्रेट भरून होईपर्यंत दोन वाजतात. कोबी, ढबू मिरची, कोथिंबीर, सीझनला आमच्या पश्चिम भागातली रताळी. पिरनवाडीला वळलं की जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला उतरून केरी, साखळी, डिचोली. जायला तीन तास, यायला जवळपास तेवढेच.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत गाडीत गाणी असायची. ओळखीची गाणी लागली की डोळा जड होतो, हे रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून एकदा विज्ञानकथा लावून बघितली. त्या रात्री जांबोटी कधी गेली ते कळलं नाही. कणकुंबीच्या पुढं बाहेर मिट्ट काळोख, दोन्ही बाजूंना झाडी, हेडलाइटच्या उजेडात नुसतं धुकं, आणि आत एक माणूस सांगतोय की यानाच्या खिडकीतून पृथ्वी आता दिसेनाशी झाली. अंगावर काटा आला. तेव्हापासून मी हेच ऐकतोय.

मला याची ओढ शाळेतच लागली होती. आमची मराठी शाळा, गावात एक खोलीचं वाचनालय. आठवीत असताना नारळीकरांच्या कथांचं पुस्तक मी तीनदा बदलून घरी आणलं होतं. बारावी सायन्स झाली आणि घरच्या अडचणीमुळं पुढं जमलं नाही. ते राहून गेलेलं काहीतरी या गाडीत परत हाताला लागलंय असं वाटतं, म्हणून हा प्रश्न एवढ्या जिवावर घेऊन विचारतोय.

अडचण अशी. मराठीत ऐकायला मिळतात त्या विज्ञानकथा बऱ्याचशा ऐकून झाल्या. भयकथा, पोलिसी कथा, ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर दिसतात. मोठी विज्ञानकादंबरी मला तरी फार कमी सापडली. म्हणून इंग्रजीकडं वळलो. वाचायला बसलो तर इंग्रजीची दहा पानं मला तासभर पुरतात, पण कुणी बोलत असेल तर बरंच समजतं. एक सतरा तासांची कादंबरी लावली. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की ज्याला मी एकच माणूस समजत होतो ते दोघे होते. नावं सारखी वाटणारी, एक ग्रहावर आणि एक जहाजावर. पुस्तक हातात असतं तर चार पानं मागं जाऊन बघितलं असतं. स्टिअरिंगवर हात असताना मागं कसं जाणार? त्यातून लेखकानं बनवलेले शब्द. ते माणसाचं नाव आहे, यंत्राचं आहे की गावाचं, हेच कानाला कळत नाही. तुम्ही लांबलचक विज्ञानकादंबरी कानांनी कशी पेलता?

दुसरं विचारायचंय ते कन्नडबद्दल. मला कन्नड बोलता येतं, मार्केटात निम्मा व्यवहार कन्नडमधूनच होतो. पण वाचायला म्हणाल तर बसची पाटी आणि दुकानाचा बोर्ड, तेही अक्षर अक्षर लावून. कन्नड पुस्तक मी या जन्मात वाचणार नाही असंच धरून चाललो होतो. आता वाटतं, ऐकायला काय हरकत आहे? कुणी ऐकलंय का? सुरुवात कुठून करावी?

---

शहापूरच्या बाई

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे.

आधी एक सांगते, रागावू नका. घाटात फोनला हात लावायचा नाही. मागं न्यायचं, थांबवायचं, आवाज वाढवायचा, सगळं गाडी बाजूला थांबवूनच. आणि कानात इअरफोन घालू नका, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा. स्पीकरवरच ऐका. चोर्ल्याच्या वळणावर कथेत रंगलेला ड्रायव्हर मला नको आहे.

आता मुद्द्याचं. मला वाटतं तुम्ही एकदम सतरा तासांवर उडी घेतलीत. कानाला सवय कथेनं लागते. नववीच्या वर्गाला मी शनिवारी शेवटच्या तासाला विज्ञानकथा वाचून दाखवायची. पस्तीस मिनिटांचा तास. त्या काळात माझ्या लक्षात आलं की काही लेखकांचं लिखाण मोठ्यानं वाचताना आपोआप पोचतं आणि काहींचं कितीही चांगलं असलं तरी मुलांच्या डोक्यावरून जातं. नारळीकर पोचायचे. त्यांच्या कथेत कल्पना समजावणारा एक असतो आणि अडून अडून विचारणारा दुसरा असतो. वर्गातल्या मुलाच्या मनात जो प्रश्न येणार तो पुढच्याच वाक्यात कथेतलं कुणीतरी विचारतं. ऐकणाऱ्याला मागं जायची गरज पडत नाही, कारण लेखकच एक पाऊल मागं येऊन पुन्हा सांगतो.

त्यांची पहिली कथा ठाऊक आहे ना? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी लावा म्हणजे कळेल. परीक्षकांना अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. मी वर्गात कथा आधी वाचायची आणि लेखकाचं हे गुपित शेवटी सांगायची. २० मे २०२५ ला ते गेले, त्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून म्हटलं, “बाई, जगताप गेले.” मला पुढं बोलता आलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं: कादंबरी निवडताना ती किती गाजली ते बघू नका, तिच्यात माणसं एकमेकांशी किती बोलतात ते बघा. संवादावर चालणारी कादंबरी कानाला पेलते. आमच्या लहानपणी आकाशवाणी सांगलीवर श्रुतिका लागायच्या. तिथं वर्णनाला जागाच नसायची, तरी सगळं डोळ्यांपुढं उभं राहायचं.

---

उद्यमबाग सेकंड शिफ्ट

बाईंशी सहमत, पण इंग्रजी सोडू नका असं मी म्हणेन. मी कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कटाई मशीनवर असतो. शॉपफ्लोअरवर ऐकायचा प्रश्नच नाही, मशीनच्या आवाजावरून टूल झिजलेलं कळतं, तो कान मोकळाच लागतो. मी ऐकतो ते रात्री शिफ्ट सुटल्यावर, घरी, अंधारात पडून. सहा वर्षं झाली. मीही मराठी मीडियमचा, त्यामुळं तुमची ‘दोघांचा एक माणूस’ ही भानगड मला पुरेपूर माहीत आहे.

मी काय करतो सांगतो. पहिला तास दोनदा ऐकतो. नेहमी. कितीही समजलं असं वाटलं तरी. विज्ञानकादंबरीत पहिल्या तासात लेखक नवं जग मांडत असतो आणि तुम्ही अजून त्याच्या आवाजाला, उच्चारांना सरावत असता, दोन्ही एकदम होत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना जी नावं कानाला लागतात ती एका कागदावर मराठीत लिहितो, जशी ऐकू आली तशी. स्पेलिंग बघायच्या भरीला पडत नाही. स्पेलिंग पाहिलं की डोक्यात दुसराच उच्चार बसतो आणि पुढं ऐकताना गोंधळ होतो. नावापुढं एक शब्द: ‘डॉक्टर’, ‘जहाज’, ‘याचा भाऊ’. बस्स. तुम्ही हे निघण्याआधी घरी करा. गाडीत कागद नको.

वेग ०.९ ठेवा. लोक १.५ वर ऐकतात आणि त्याचं कौतुकही सांगतात, ते आपल्यासाठी नाही. साधारणपणे ऑडिओबुक मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास चालतं, म्हणजे तासाला नऊ हजार. लाखभर शब्दांची कादंबरी अकरा तासांची होते. तुमच्या जाण्यायेण्यात दोन रात्री. ०.९ वर एखादा तास जास्त लागेल, तो लागू दे.

आणि सगळं आधी डाउनलोड करून घ्या, जांबोटीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही. ६४ केबीपीएस दर्जाच्या आवाजाला तासाला २९ एमबीच्या आत बसतं, अकरा तासांचं पुस्तक सव्वातीनशे एमबी. फार नाही.

आता कुठली? जी कादंबरी एकाच वाटेनं पुढं जाते ती घ्या. आर्थर क्लार्क यांची ‘रॉंदेव्हू विथ रामा’, १९७३ची. एक प्रचंड पोकळ दंडगोल सूर्यमालेत शिरतो आणि माणसं त्याच्या आत उतरतात. छोटी छोटी प्रकरणं, एका वेळी एक जागा, एक शोध. माणसांची नावं विसरलात तरी तुम्ही त्या दंडगोलाच्या आत उभे असता. मी ती ऐकली तेव्हा बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, आणि तिथल्या अंधारात पहिला उजेड पडतो तो प्रसंग. उठून बसलो होतो. फुकट हवं असेल तर एच. जी. वेल्स यांची १८९५ची ‘टाइम मशीन’ लिब्रिवॉक्सवर आहे. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं तिथं लोक हौसेनं वाचून ठेवतात. पुस्तक जुनं आहे, तेव्हा इंग्रजी जरा वळणावळणाचं आहे, पण लहान आहे.

‘ड्यून’ मात्र आत्ता लावू नका. १९६५चं ते पुस्तक मला फार प्रिय आहे, पण त्याच्या मागं शब्दकोश जोडलेला आहे, परिशिष्टं आहेत, नकाशा आहे. छापील पुस्तक हातात असताना वाचणारा मागं जाऊन शब्द बघून येतो. कानाला मागचं पान नसतं.

उलट एक गोष्ट कानालाच मिळते. अँडी वेअर यांची २०२१ची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’. तिच्यातला परग्रहावरचा जीव सुरांत बोलतो. पुस्तकात त्या जागी संगीताच्या खुणा छापल्यात. रे पोर्टर यांनी वाचलेल्या ऑडिओबुकात खरोखर सूर वाजतात, आणि हळूहळू, नायकाला भाषा येत जाते तसतसं... पुढचं सांगत नाही. सोळा तासांची आहे. तुमच्या तीन रात्री. इंग्रजी सोपं, बोलण्यातलं. मी दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा त्या जिवाचा ‘हो’ आणि ‘नाही’ मला सुरांवरून ओळखू यायला लागला होता असं वाटलं.

---

निपाणीची लेक

माझ्या वडिलांसाठी लिहिते आहे. ते शेजारी बसलेत आणि सांगतायत, मी टाइप करते.

बाबा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. काचबिंदूनं आठ वर्षांपूर्वी नजर गेली. वाचनाचं वेड इतकं की पहिली दोन वर्षं त्यांनी घरात पुस्तकाचा विषय काढू दिला नाही. आता दिवसाला पाच-सहा तास ऐकतात, त्यात विज्ञानकथा सगळ्यात जास्त.

बाबा म्हणतात, वर लिहिणारे सगळे ‘चांगला आवाज’ धरून बोलतायत. त्यांचं मत वेगळं आहे. अभिनय करून वाचलेली विज्ञानकथा त्यांना नको असते. “नटानं आधीच घाबरून दाखवलं तर मी कशाला घाबरू?” असं ते म्हणतात. ते बरंचसं फोनच्या यंत्राच्या आवाजात ऐकतात, तेही दुप्पट वेगानं. मला एक वाक्य कळत नाही. त्यांना त्या सपाट आवाजाच्या खाली स्वतःचा, मनातला वाचण्याचा आवाज ऐकू येतो. डोळे होते तेव्हा वाचताना ऐकू यायचा तोच. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

यंत्राच्या चुका होतात. जोडाक्षरं अडखळतात, संक्षिप्त नावं कशीही उच्चारली जातात, वाक्य संपलं की नुसती ओळ संपली हे यंत्राला कळत नाही. बाबांना त्याची सवय झाली आहे. एखादा विचित्र शब्द आला की ते तिथंच थांबवून अक्षर अक्षर ऐकतात. म्हणजे बघा, ‘बनवलेला शब्द कानाला कळत नाही’ यावर त्यांच्याकडं इलाज आहे: अक्षरं ऐका. उद्यमबागवाल्या दादांनी स्पेलिंग बघू नका म्हटलंय, ते बाबांना पटत नाही. शब्द कसा लिहितात हे एकदा कळलं की तो पक्का होतो, असं त्यांचं म्हणणं. पन्नास वर्षं डोळ्यांनी वाचलेला माणूस आहे, कदाचित त्यामुळं असेल.

ज्यांच्या घरी कुणाला दिसत नाही किंवा पुस्तक धरता येत नाही, त्यांच्यासाठी एक माहिती. सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झालं. छापील वाचू न शकणाऱ्यांना तिथं नाव नोंदवून पुस्तकं मिळतात, मराठी आणि कन्नडही. कायद्यानं हे शक्य झालंय: २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलून द्यायची मुभा आली. २०१३ साली मोरोक्कोतल्या मराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो सर्वांत आधी मान्य केला तो भारतानं. बाबा हे नातवंडांना अभिमानानं सांगतात. डेझी पद्धतीच्या, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी खास बनवलेल्या ऐकायच्या पुस्तकात प्रकरण, उपप्रकरण असं उडी मारत जाता येतं, खूण ठेवता येते. कागदाचं पुस्तक चाळण्याच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हेच.

घाटवाट दादांना बाबांचा निरोप: नावं निसटली तर निसटू द्यात. कथा चांगली असेल तर माणूस त्याच्या वागण्यावरून परत ओळखू येतो.

---

दोन लिपी

कन्नडबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. माझं माहेर बैलहोंगल, शिक्षण कन्नडमधून, सासर खानापूर तालुक्यात, घरात मराठी. दोन्ही लिपी येतात, दोन्हींत वाचते.

घाटवाट, तुमची अवस्था आपल्या भागात हजारोंची आहे. कान दोन भाषांचे, डोळे एका लिपीचे. ही उणीव नव्हे. उमा कुलकर्णींचं नाव ऐकलंय ना? मूळच्या आपल्या बेळगावच्या. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या मराठी अनुवादासाठी १९८९ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांनी इतक्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या कशा? त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेपवर उतरवून ठेवायचे. उमाताई ती टेप ऐकायच्या आणि मराठीत लिहायच्या. कानांनी ऐकलेल्या कन्नडमधून मराठीतलं एवढं मोठं काम उभं राहिलं. तुम्हाला तर फक्त ऐकायचंच आहे.

पण एक अडचण येणार, आधीच सांगून ठेवते. तुमचं मार्केटातलं कन्नड आमच्याकडचं, धारवाडी वळणाचं. पुस्तकातलं वेगळं. ‘मी जातोय’ला आपण ‘होगाकत्तीनि’ म्हणतो, पुस्तक ‘होगुत्तिद्देने’ म्हणणार. पहिले दोन-तीन तास कान अवघडेल, नंतर ओळख पटेल. टीव्हीवरच्या कन्नड बातम्या समजतात ना? मग हेही समजेल.

आणि विज्ञानकथेत तर तुम्हाला आयती सोय आहे. शास्त्रीय शब्द दोन्हीकडं संस्कृतातून घेतलेले. ग्रह, धूमकेतू, गुरुत्वाकर्षण, ब्रह्मांड, हे जवळपास जसेच्या तसे. प्रकाशवर्षाला कन्नडमध्ये ‘ज्योतिर्वर्ष’ म्हणतात, किती गोड शब्द आहे. कृष्णविवराला ‘कप्पु कुळि’, म्हणजे काळा खड्डा. अंतराळवीर म्हणजे ‘गगनयात्रि’. चंद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी, २३ ऑगस्ट २०२३ ला, कन्नड वाहिन्यांवर ‘बाह्याकाश’ हा शब्द किती वेळा आला ते आठवा. तेच आपलं अंतराळ. फसवणारा शब्द मात्र एक आहे: ‘अवकाश’. मराठीत अवकाश म्हटलं की यान डोळ्यांपुढं येतं. कन्नडमध्ये ‘अवकाश’ म्हणजे संधी. “त्याला अवकाश मिळाला नाही” असं ऐकलंत तर तो अंतराळात जायचा राहिला असं समजू नका!

काय ऐकावं? कन्नडमध्ये विज्ञानसाहित्य रुजवणाऱ्यांत राजशेखर भूसनूरमठ यांचं नाव अगत्यानं घेतात, त्यांचं काही ध्वनिरूपात मिळतंय का बघा. मिळालं नाही तर त्यासाठी थांबू नका, एखादी छोटी विज्ञानकथा निवडा, तासाभराची. आणि माझी एक फार लाडकी कादंबरी, पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’, १९८० ची. तिच्यात यान नाही, परग्रह नाही. एक शास्त्रज्ञ, एक शेतकरी, एक खेडूत जो रानातल्या किड्यामुंग्या कुणाहीपेक्षा जास्त ओळखतो, आणि सगळे मिळून पश्चिम घाटात एक उडणारा सरडा शोधायला निघतात. काटेकोरपणे ती विज्ञानकादंबरी म्हणायची की नाही यावर वाद घाला हवा तर. पण चोर्ल्याच्या रानातून रोज जाणाऱ्या माणसानं ती ऐकायलाच हवी. तुमच्या ओळखीत कन्नड वाचणारं कुणी असेल तर वाचून दाखवायला सांगा. टेपवर उतरवायचे तेच आता फोनवर.

---

घाटवाट

मंडळी, तीन आठवडे लिहिलं नाही, मधे गाडीचं काम निघालं होतं. सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं.

बाई, फोनला मी हात लावत नाही. माझ्याबरोबर बसू नावाचा पोरगा असतो, क्रेट उतरवायला. तोच फोन सांभाळतो. मी ‘मागं’ म्हटलं की तो तीस सेकंद मागं घेतो. इअरफोन कधीच नव्हता.

उद्यमबागवाले दादा, पहिला तास दोनदा ऐकायचं तुमचं बरोबर निघालं. रामा लावली. घरी जेवताना पहिला तास, मग गाडीत तोच तास परत, आणि मग पुढं. रामातल्या माणसांनी जिन्यावरून उतरायला सुरुवात केली तेव्हा आम्ही घाट उतरत होतो. तो जिना संपत नाही आणि घाटही संपत नाही. केरीला चहाला थांबतो तिथं त्या रात्री थांबलोच नाही, सरळ साखळीला गेलो. नावं अजून निसटतात. निपाणीच्या काकांना सांगा, त्यांचं म्हणणं पटलं, माणूस वागण्यावरून कळतो. पण कागद मी ठेवणार. दोन्ही करीन.

आता कन्नडचं सांगतो, कारण त्यासाठीच मुख्य लिहायला बसलोय.

मी ज्यावर मराठी ऐकतो तिथंच भाषा बदलून एक कन्नड विज्ञानकथा शोधली, पंचावन्न मिनिटांची. पिरनवाडी सोडल्यावर लावली. पहिली दहा मिनिटं मला निम्मं कळलं नाही, ‘दोन लिपी’ वहिनींनी सांगितल्याप्रमाणंच. त्यात ‘अवकाश’ आला. सावध होतो, तरी डोक्यात यान आलंच.

तर बसू. पोरगा बैलहोंगलकडचाच आहे, वहिनी, तुमच्या माहेरचा. वय बावीस. दोन वर्षं माझ्याबरोबर आहे आणि या दोन वर्षांत जांबोटीच्या पुढं तो जागा राहिलेला मी पाहिला नव्हता. मराठी त्याला कामापुरतं कळतं, इंग्रजी नाही. मी माझी पुस्तकं ऐकायचो, तो डोकं काचेला टेकून झोपायचा, ‘मागं’ म्हटलं की दचकून उठायचा, बटण दाबून परत झोपायचा. माझ्या मनात कधी आलंही नाही की गाडीत दोन माणसं आहेत आणि ऐकतोय एकटाच. याचं मला आता वाईट वाटतं.

त्या रात्री तो झोपला नाही. कणकुंबीच्या अलीकडं मी एका वाक्याला “मागं” म्हटलं, तर त्यानं मागं घेतलं नाही. थांबवलं, आणि मला त्याच्या बोलीत समजावून सांगितलं. पुस्तकी वाक्य त्यानं मला बाजारातल्या कन्नडमध्ये करून दिलं. मग परत चालू केलं. पुढं चार-पाच वेळा असंच. कथेतला मुलगा आपल्या आजोबांना दुसऱ्या ग्रहावरून निरोप पाठवतो आणि तो पोचायला इतकी वर्षं लागतात की आजोबा तेव्हा नसणार, असा तो प्रसंग होता. बसू म्हणाला, म्हणजे पत्र निघालंय पण घर बंद आहे. मी गाडी चालवत होतो, काही बोललो नाही. प्रकाशाला वेळ लागतो हे मी बारावीला शिकलोय, त्यानं आठवीत शाळा सोडलीय.

कथा चोर्ल्याच्या वरच संपली. खाली केरीपर्यंत तो मला विचारत होता, हे खरं असतं का, प्रकाशाला एवढा वेळ खरंच लागतो का, आपल्याला दिसणारा तारा आत्ता तिथं नसेल असं होऊ शकतं का. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. बाई, काही ठिकाणी अडलो. पृथ्वीवरून सूर्याचा उजेड आठ मिनिटांचा जुना दिसतो एवढं नक्की आठवत होतं, ते सांगितलं. डिचोलीत उजाडायला लागलं तेव्हा तो सूर्याकडं बघत बसला होता.

आता रोज तोच लावतो. परवा त्यानं मला न विचारता त्याच्या मामाच्या मुलीकडून ‘कर्वालो’ची पहिली तीन प्रकरणं फोनवर वाचून मागवली. बारावीतली पोरगी आहे, घाईघाईनं वाचते, मधेच कुणीतरी तिला हाक मारतं, भांड्यांचा आवाज येतो. आम्ही ती तशीच ऐकली. मधमाश्यांबद्दलचं सगळं तो मला दोनदा सांगतो, एकदा ती वाचते तेव्हा आणि एकदा गाडी थांबल्यावर.

या आठवड्यात तो गावच्या जत्रेला गेलाय. जाताना बजावून गेला, पुढचं एकट्यानं लावायचं नाही. काल रात्री त्याचा फोन आला, मी जांबोटीच्या अलीकडं होतो, गाडी बाजूला घेऊन उचलला. ढोलांच्या आवाजात ओरडून विचारत होता, “मुंद एनात्री?” पुढं काय झालं? मी सांगितलं, लावलेलंच नाही. गुरुवारी येतोय. तोवर मी टाइम मशीन ऐकतोय, ०.९ वर.